बेवाची देवा झाली

आजीचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिनंच तसं बजावलंय. "कागदाईवर लय झालं माय माझं नाव, आता पुरे." तेव्हा आजी म्हणजे आजीच. वय ८७. हे ८७ कुठून आलं ते पुढं सांगते, कारण आधार कार्डाच्या हिशेबानं ती अजून ऐंशीचीच आहे.

आमचं गाव काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, नोकरी सीताबर्डीला. गावी जाणं म्हणजे पोळा, दिवाळी, नाहीतर कोणाचं लग्न किंवा तेरवी. २०२५च्या फेब्रुवारीत मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, फोन आला. "आजीचा फार्मर आयडी निघूनच नाही राहिला. सेतूवाला म्हणते नाव जुळत नाही, नंबर जुळत नाही. तू शिकलेली हायेस, ये एक दिवस."

एक दिवस म्हणता म्हणता जून उजाडला.

फार्मर आयडी म्हणजे शेतकऱ्याचा ११ अंकी नंबर. ॲग्रिस्टॅक नावाच्या योजनेत तो काढतात. एका बाजूला आधार, दुसऱ्या बाजूला सातबारा आणि मध्ये हा नंबर. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. आजीला पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० मिळतात. रक्कम मोठी नाही, पण ते तिचे स्वतःचे पैसे. त्यातून ती बागेसाठी मोर्चूद (कॉपर सल्फेट) आणते, नातसुनेला बांगड्या भरते, भंडाऱ्याला वर्गणी देते. नंबर निघायला दोनच गोष्टी लागतात. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव सारखं पाहिजे, आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू पाहिजे. आजीच्या बाबतीत या दोन गोष्टींना चार महिने लागले.

आधी मोबाइल. आधारला जोडलेला नंबर निघाला माझ्या चुलतभावाच्या जुन्या सिमचा, कधीचाच बंद पडलेला. म्हणून आजीला घेऊन आधार केंद्रावर गेले. तिथल्या पोरानं मशीन पुढं सरकवलं. "आजी, अंगठा ठेवा."

आजी म्हणाली, "मी सही करतो."

(आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया करतो, जातो, येतो असंच बोलतात. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला अजून हसू येतं.)

पोरगा म्हणाला, सही चालत नाही, अंगठाच पाहिजे. अंगठा ठेवला, मशीनवर लाल दिवा. जोरात दाबा, लाल. रुमालानं पुसा, लाल. केसांवरून बोट फिरवा म्हणजे थोडं तेल लागते, तरी लाल. एकेक करत दहाही बोटं झाली. मागं रांग वाढत होती. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. इतक्या वर्षांत असा कधी पाहिलाच नव्हता. बोटांच्या पेरांवर रेषाच नाहीत. कित्येक वर्षं टाकी न लावलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत. नखाच्या कडेला मात्र बारीक काळ्या चिरा, कापसाच्या वाळल्या बोंडांच्या टोकांनी पडलेल्या, त्या कधी भरल्याच नाहीत. साठ वर्षं कापूस वेचला, निंदण केलं. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोग लागू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी मोर्चूद-चुन्याची पेस्ट लावली. एक किलो मोर्चूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लावायची ब्रशनं असते. आजी हातानं लावायची, ब्रश खोडाच्या खाचेत जात नाही म्हणून.

ती पोराला म्हणाली, "बापू, पन्नाशी उलटल्यावर सही शिकलो मी. अन् आता पुन्हा अंगठाच?"

या सहीची एक गोष्ट आहे. १९८९ साली आजोबा गेले. वारस नोंदीच्या अर्जावर आजीचा अंगठा घेतला. शाई चार दिवस निघाली नाही, पदराला पुसली तर पदर गेला. ते तिला फार लागलं. पुढं गावच्या शाळेत रात्रीचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा ती पाटी घेऊन पहिल्या रांगेत. आपल्या नावापुरतं लिहायला शिकली आणि तिथं थांबली. वाचायला आजही जमत नाही, पण सही अशी ठसठशीत की पाहत राहावं. बायांसाठी ग्रामपंचायतीत जागा राखीव झाल्या तेव्हा लोकांनी तिला उभं केलं, निवडूनही आणलं. पहिल्या बैठकीत सचिवानं सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. हिनं तो बाजूला सारला आणि पेन मागितला. हा किस्सा ती दिवाळीत एकदा तरी सांगतेच.

शेवटी डोळ्याच्या स्कॅननं काम भागलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं आहे, तरी मशीननं ते डोळे ओळखले. पन्नास रुपयांची पावती घेतली. मोबाइल झाला.

नावाचं प्रकरण मात्र वेगळं. सातबारा काढून पाहिला. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, ही सोय खरंच चांगली आहे. विहिरीजवळचा दोन एकराचा तुकडा वाटणीच्या वेळी आजीनं स्वतःकडं ठेवला होता. आराजी ०.८१ हेक्टर, भोगवटादार वर्ग एक. नावाच्या रकान्यात आधी आजीचं नाव, मग 'देवा', मग आजोबांचं नाव, मग आडनाव.

देवा कोण? मोठ्या बाबांना विचारलं, माझ्या बाबांना विचारलं. आमच्या सात पिढ्यांत देवा नावाचा माणूस नाही. सेतूवाला म्हणाला, तहसीलमध्ये अर्ज करा, लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते. पटवारी म्हणाला, (सरकारी कागदात तो तलाठी, आता तर ग्राम महसूल अधिकारी, पण आमच्याकडं पटवारीच) मूळ हस्तलिखित सातबारा आणि ८९ सालच्या फेरफाराची नक्कल आणा, म्हणजे चूक कुठं झाली ते दिसंल. बोलणं मुद्द्याचं होतं. अर्जावर कोर्ट फीचं तिकीट लावून अभिलेख कक्षात दिला आणि वाट पाहत बसलो.

वाट पाहणं हाच या सगळ्या कामाचा मोठा भाग. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, नक्कल करणारा सुट्टीवर. नागपूरहून सकाळची बस धरायची, गावाहून मोठे बाबा आजीला मोटारसायकलवर आणून सोडायचे. मग आम्ही दोघी आवारातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर. आजीला मी म्हणत होते, तू घरीच राहा, मी करते. ती ऐकेना. "माझं नाव अन् मीच घरी बसू?" डब्यात भाकर, चून, हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या बाकावर सहा-सात दिवसांत मला जेवढी आजी कळली, तेवढी ३५ वर्षांत कळली नव्हती.

एकतर तिथं तिला ओळखणारे एवढे निघाले की बाक कमी पडायचा. पांढऱ्या मिशांचा एक माणूस येऊन पाया पडला. माझ्याकडं वळून म्हणाला, "माझी नाळ इनंच कापली." आजी दाई होती हे मला माहीत होतं, पण घरातल्या बायांपुरती असेल असं वाटायचं. पंचक्रोशीतून रात्री-अपरात्री बंडी यायची म्हणे तिला न्यायला. किती बाळंतपणं केली विचारलं तर म्हणाली, "मोजत नाही बाई असं. दोन पोरी गेल्या माझ्या हातून, त्या मोजून हायेत." मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

लग्न १९५३ सालचं. हा हिशेब मी लावला, तिनं नाही. ती म्हणाली, मालगुजारी नुकतीच गेली होती. आपल्या भागातली मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली संपली आणि सासऱ्यांनी जन्मभर वाहिलेली जमीन त्यांच्या नावावर लागली. आजी सासरी आली तेव्हाही जुनी माणसं मालगुजाराच्या वाड्यापुढून जाताना चप्पल हातात घ्यायची. सासरा घ्यायचा नाही, म्हणून सासू चिडायची.

मग विहीर. तिनं सगळ्यात जास्त वेळ विहिरीला दिला. वावर कोरडवाहू, त्यात ज्वारी, तूर, कापूस. ७१च्या उन्हाळ्यात आजोबांनी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वरच्या अंगाला विहीर खणायला घेतली. आजोबा आणि त्यांचा भाऊ खाली, वर आजी आणि तिची जाऊ. दोराला बांधलेलं टोपलं ओढायचं, माती टाकून यायची, रिकामं खाली सोडायचं. मोठे बाबा उपसलेल्या मातीच्या ढिगावर खेळायचे आणि माझे बाबा त्यांच्यामागं रांगत-पळत. तीस फुटांवर काळा पाषाण लागला. सुरुंग लावले. थेंब नाही. पुढच्या वर्षी तर पाऊसच नाही. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकर थापली की कडेनं फाटायची. त्या वर्षी घरातल्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या. आजीही गेली. अंगठ्याच्या रेषांचं मी वर लिहिलं त्यात ही खडी राहिलीच.

दुसरी विहीर नाल्याच्या अंगाला, दोन वर्षांनी. बावीस फुटांवर पाणी. "पाणी लागलं तवा तुह्या आजोबानं खालून हाक नाही मारली. नुसतं टोपलं हलवलं. वर ओढलं तर चिखल." त्या पाण्यावर वरुडकडून संत्र्याची कलमं आणून लावली, सहा मीटरवर एक. आज जी झाडं आहेत ती तिसऱ्या खेपेची. मधली अर्धी बाग डिंक्यानं गेली, उरलेली पाणी आटलं तेव्हा. आंबिया बहार घ्यायचा की मृग, हे अजूनही आजीच ठरवते. झाडांना पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा यावरून तिचं आणि मोठ्या बाबांचं दर डिसेंबरात वाजतं. मोठे बाबा मोबाइलवर सल्ला पाहतात, ती पानांची मुरड पाहते. खरं सांगायचं तर दोघंही कधी बरोबर असतात, कधी चूक.

गावातल्या कामांबद्दल बोलताना ती पराभव आधी सांगते, हे माझ्या लक्षात आलं. दारूच्या दुकानाविरुद्ध बायांचं मतदान झालं होतं. बाटली आडवी करायची तर मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या बाया पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे घरी राहिलेली बाई दुकानाच्याच बाजूनं मोजली जाते. आजी वावरावावरांत फिरली, वेचणीच्या बायांना पाटीवर चिन्ह काढून दाखवलं. थोडक्यात हरले. कोण कोण आलं नाही, त्यांची नावं तिला आजही पाठ. त्यातली एक त्याच आवारात भेटली. आजीनं तिला भाकर दिली, आणि ती गेल्यावर मला सांगितलं, "हे बी नव्हती आली."

पांदणीचं मात्र जमलं. बंडी पावसात फसायची म्हणून अडीच किलोमीटर पांदण मोकळी करायची होती आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी ती नांगरून-नांगरून पायवाट करून टाकली होती. ती सदस्य असताना नकाशा घेऊन घरोघर गेली. नकाशा वाचता येत नव्हता. "मले नाही येत, पण त्याईले का माहीत?" रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असायची, तिथं ती प्रार्थना झाल्यावर उठून नाव घेऊन विचारायची, अमुक भाऊ, धुरा कधी सरकवता? देवासमोर, पन्नास माणसांत. तुकडोजी महाराजांना तिनं लहानपणी प्रत्यक्ष पाहिलं होतं. खंजिरी आठवते, शब्द आठवत नाहीत म्हणते. धुरे सरकले.

नक्कल एकदाची हाती आली. हस्तलिखित सातबारा, कडेला वाळवी लागलेला. आजीचं नाव, आणि पुढं काळ्या शाईत 'बेवा', मग आजोबांचं नाव. आमच्याकडच्या जुन्या महसुली कागदांत नवरा जिवंत असलेली बाई 'जौजे' अमुक आणि नवरा गेलेली 'बेवा' अमुक. कागद संगणकावर चढवणाऱ्यानं बे चा दे वाचला असावा. अक्षर पाहिलं तर त्यालाही दोष देववत नाही. चावडी वाचन झालं तेव्हा कोणी वाचून दाखवलं असेल तरी 'देवा' ऐकून कोणाला खटकणार?

मी आजीला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आधी का लिहिलं होतं?"

"बेवा. म्हणजे विधवा."

"अन् आता?"

"देवा."

ती एवढी हसली की बाकावरचा माणूस वळून पाहायला लागला. "मंग राहू दे ना माय. बेवापरीस देवा बरा."

अभिलेख कक्षात बसलेल्या माणसानं गप्पांमध्ये विचारलं, आजीचं माहेर कुठलं? माहेर त्याच तालुक्यातलं निघालं. तो म्हणाला, मग कोतवाल बुकात जन्म सापडंल. पूर्वी जन्ममृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. फार्मर आयडीशी या नोंदीचा काही संबंध नव्हता. तरी मी आणखी एक अर्ज लिहिला, आणखी एक रजा टाकली. आजीला एवढंच ठाऊक होतं की ती तान्ह्या पोळ्याची, आणि तिच्याहून मोठ्या भावानंतर तीन वर्षांनी. भावाची नोंद सापडली, तिथून पुढं पानं उलटत गेलो. १९३८, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. त्या वर्षीचा पोळाही त्याच आठवड्यात येतो, हे मी जुन्या पंचांगावरून ताडून पाहिलं. तारीख, बापाचं नाव, जात, गाव. आणि शेवटच्या रकान्यात 'मुलगी'.

नाव नाही. त्या पानावर कोणत्याच बाळाचं नाव नव्हतं, मुलांचंही नाही, त्यामुळं यात फक्त बाईवरचा अन्याय शोधायला मी जाणार नाही. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल नोंद करून मोकळा व्हायचा. तरी त्या 'मुलगी'वर मी बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले. आजीला दाखवलं. तिनं पान जवळ घेतलं, लांब धरलं, आणि विचारलं, "बाबाचं नाव कुठं हाय?" मी दाखवलं. तिनं त्यावर हात फिरवून तो कपाळाला लावला. मुलगी या शब्दाकडं तिचं लक्षही नव्हतं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. कलम १५५चा अर्ज, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, पटवाऱ्याचा अहवाल, तहसीलदारांचा आदेश, त्यावर फेरफार, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. प्रत्येक पायरीवर एक-दोन आठवडे आणि एक-दोन फोन. प्रतिज्ञापत्रावर आजीनं सही केली. तिथं बसलेल्यानं 'अंगठा कुठं घेऊ' असं विचारल्यावर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं स्वतःच्या खिशातला पेन काढून दिला. कोणी पैसे मागितले का, असं लोक मला विचारतात. एकानं चहापाण्याचा विषय काढला होता. आजीनं डबा उघडून त्याला भाकर-चून पुढं केलं. त्यानं खाल्लं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवा उतारा निघाला. आता बेवाही नाही आणि देवाही नाही. आजीचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. त्याच संध्याकाळी सेतूवर ओटीपी आला आणि फार्मर आयडीची नोंद झाली. मी उतारा घेऊन गावी गेले. आभाळ भरून आलं होतं, आजी बागेत बुंध्यांना पेस्ट लावत बसली होती, कोपरापर्यंत निळसर हात. मला म्हणाली, वाच. मी वाचला. पुन्हा वाच. वाचला. मग इतर हक्कांच्या रकान्यावर आले.

"विहीर एक," मी वाचलं.

"दोन," आजी म्हणाली.

"अगं, कोरडी विहीर नाही लिहीत."

"काहून? खणली तर होती ना." आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

अंधारून आल्यावर घरी आलो तर छपरीत चार बाया बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घड्या पडलेले कागद. दोघी ओळखीच्या, दोघी बाजूच्या गावच्या. मी आजीकडं पाहिलं. ती हात धुवायला रांजणाकडं निघाली होती.

"यायच्या बी सातबाऱ्यावर देवा हाय म्हणतेत," ती तिकडूनच म्हणाली. "एकीच्या तर 'जौजे'चं कायतरी भलतंच केलं. बस खाली, पाहून दे. मी चहा ठेवतो."